शिराबुचीच्या पाण्याला विसण नाही

शोवा ४६ (सन १९७१), फेब्रुवारी ९, मंगळवार

माझे नाव तोमेकिची हासेबे. वय ऐंशी, जुन्या मोजणीने. शिक्षण चार इयत्ता. त्या काळी सरकार तेवढेच मागत असे आणि तेवढे मी पूर्ण केले. जन्म याच शिराबुची गावी, वरच्या आळीत. व्यवसाय लाकडी बादल्या व पिंपे बांधणे. गावच्या ऊन पाण्याच्या वरच्या कुंडाचा कारभारी म्हणून मी वीस वर्षांहून अधिक काळ काम पाहिले. माझ्याविरुद्ध तक्रार नाही. सध्या मुक्काम कावासाकी शहरी, मुलाच्या घरी, पाचव्या मजल्यावर. हे सर्व खरे आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही.

लिहिण्याचे कारण असे की आज दुपारच्या बसने गावी उतरलो, आणि शिनोने मला दारात "या, या, बसा!" म्हटले.

शिराबुचीत "या, बसा" पाहुण्याला म्हणतात. गावच्या माणसाला "आलात का?" एवढेच. शिनो आमच्या शेजारच्या घरात वाढली, तिचे शेंबडे नाक मी पुसलेले आहे, आणि आज ती पाहुणेघराची मालकीण होऊन मला "बसा" म्हणते! मी तसे बोलूनही दाखवले.

"अहो तोमेदादा, तोंडातून निघून गेलं! दिवसभर तेच म्हणते ना मी. पोपट झालेय मी."

पोपटाला माणसे ओळखता येतात.

माझे घर होते तेथे आता खालच्या मोठ्या हॉटेलच्या बसगाड्या उभ्या राहतात. माझी पत्नी हात्सु गेली, त्याच हिवाळ्यात योशिहारूने घर विकायला काढले. "बाबा, त्यांना गाड्या लावायला जागा हवी आहे, भाव चांगला देतात." कागदावर शिक्का मीच उठवला. मुलाच्या शब्दावर.

मी पाहुणा म्हणून आलेलो नाही. मला माझी पाटी परत हवी आहे. कुंडघराच्या भिंतीवर कुंडाच्या मंडळीतील प्रत्येक घराची लाकडी पाटी असते. मी शहरात गेलो तेव्हा माझी उतरवली. ज्याची पाटी त्याचे पाणी, त्याचा बैठकीत शब्द. आणि ज्याला घर उरलेले नाही अशा सभासदास कुंडामागची खोली देण्याची वहिवाट आहे. ती खोली मला पुरेशी आहे. योशिहारू एकवीस तारखेला, रविवारी, मला न्यायला येणार. त्याच्या आत हे झाले पाहिजे.

फेब्रुवारी १०, बुधवार

सकाळी कुंडावर गेलो. माझ्या बादलीच्या जागी फळीवर पिवळी प्लॅस्टिकची बादली. जाहिरात छापलेली! डोकेदुखीच्या औषधाची!

शिराबुचीच्या पाण्याला विसण नाही. हा गावचा पहिला नियम. पाणी डोंगरातून जसे येते तसे अंगावर घ्यायचे. सोसत नसेल त्याने आपल्या घरी जाऊन न्हावे. माझ्या कारकिर्दीत गार पाण्याची बादली मागणाऱ्याला मी दाराबाहेर काढीत असे. एकदा प्रांताच्या अधिकाऱ्याला काढले होते, पंचासकट.

उतरलो. पाणी कडक होते. खरे लिहायचे तर पूर्वीपेक्षा कडक वाटले. दोष पाण्याचा नव्हे, कावासाकीच्या त्या हौदाचा. तेथे सूनबाई कागदी पुडी फोडून पाण्यात हिरवी भुकटी टाकते आणि म्हणते, "बाबा, तुमच्या गावचं पाणी!" चार वर्षे पुडीतल्या गावात न्हालेल्या कातडीचे दुसरे काय होणार? दात आवळून बसलो.

पाण्यात आधीच दोघे होते. टोफू विकणारा यासाबुरो, आणि गेन्जी नाकाझातो, हल्लीचा कारभारी. गेन्जी नाकाझातोंचा घरजावई. नावही सासऱ्याचे, घरही सासऱ्याचे.

"कारभारी, तुम्ही होय!" यासाबुरो म्हणाला. "मला वाटलं एखादं उकडलेलं रताळं तरंगत आलंय."

"तुझ्या टोफूपेक्षा घट्ट आहे अजून."

तो खदखदून हसला. गेन्जी हसला नाही. माझ्या कपाळाकडे पाहत अगदी हळू म्हणाला, "हासेबेकाका, विसण लागलं तर सांगा. लाजू नका."

मला! विसण!

मी म्हणालो, "गेन्जी, माणसे बदलली, बादल्या बदलल्या. पाणी मात्र होते तसेच आहे. या गावात तेवढे एकच खरे उरले."

यासाबुरोने पंचा पिळला, डोक्यावर ठेवला, पुन्हा काढून पुन्हा पिळला. खरे बोलले की माणसे अशी पंचे पिळीत बसतात.

फेब्रुवारी ११

छातीत धडधड. कोणास सांगितले नाही.

फेब्रुवारी १२, शुक्रवार

गेन्जीच्या घरी गेलो. कोट घालून, टोपी हातात घेऊन, रीतसर. चहा आला, मुळ्याचे लोणचे आले. मी माझे म्हणणे मांडले.

"नव्या पाट्या बंद केल्यात, काका."

"मी नवा?"

"तसं नाही हो..."

"मग कसे? आणि खोली?"

"खोली रिकामी नाही."

"कोण राहते तेथे?"

"राहत कुणी नाही." त्याने मान खाली घातली. "पण रिकामी नाही."

चौथी शिकलेल्या माणसालाही हे कळते की जेथे कोणी राहत नाही ती खोली रिकामी असते. मी उठलो. तो दारापर्यंत आला, माझे जोडे स्वतः सरळ करून ठेवले. जोडे सरळ आणि जीभ वाकडी!

कारण उघड आहे. गेन्जी या गावात घरजावई म्हणून आला तेव्हा कारभारी मी होतो. घरजावयाला पाटी पहिले मूल गावात जन्मल्यावर मिळते. त्याचे मूल उशिरा झाले. तोवर तो पाहुण्यांच्या वेळेला न्हात असे. नियम मी केलेला नव्हता, पाळला होता. त्याचा सूड आज घेतो आहे.

फेब्रुवारी १३

शिनोने जेवताना विषय काढला. काय बोलायचे ते मंडळीतले लोक तिला सांगून ठेवतात हे मला दिसतेच.

"तोमेदादा, पाटी पाटी काय लावलंय? मुलगा आहे, सून करून घालते आहे. चार दिवस राहा, न्हा, माझ्या हातचं खा, नि सुखानं जा."

"मी पाहुणा आहे का तुझा?"

"पाहुणा असलेलं काय वाईट असतं हो? पाहुण्याला सगळं चांगलंच दिसतं."

"तू माझ्या बाजूची की त्यांच्या?"

ती ताट उचलून आत गेली. आत भांडे आपटल्याचा आवाज आला, मग नळ बराच वेळ चालू राहिला.

मला उत्तर मिळाले. भाताचा शेवटचा घास टाकून उठलो. तसे मी आयुष्यात केलेले नाही.

फेब्रुवारी १४, रविवार

हात्सुला भेटून आलो. स्मशानातला बर्फ कमरेइतका. पंच्याने दगड पुसला. तिच्या नावाशेजारी माझेही नाव कोरलेले आहे, ते तांबडे, कारण माणूस जिवंत असेतो तांबडेच भरायचे. रंग उडाला आहे. लांबून पाहणाऱ्यास मीही गेलेलाच दिसतो.

दगडावर मी गावचा. भिंतीवर नाही!

हात्सुपाशी गेन्जीची तक्रार केली. ती असती तर म्हणाली असती, "आधी टोपी घाला." घातली.

फेब्रुवारी १५, सोमवार

यांना नियमानेच धरले पाहिजे.

दर महिन्याच्या अठरा तारखेला कुंडाची बैठक असते, आणि ती पाण्यातच भरते. ज्याला काही म्हणायचे असेल त्याने पाण्यात उतरावे. ठराव होण्याआधी जो बाहेर पडेल त्याचा शब्द गेला. कडक पाण्यामुळे आमच्या बैठका कधी लांबत नाहीत आणि बडबडे लोक निवडून येत नाहीत. जुन्या कारभाऱ्यास, पाटी असो वा नसो, बैठकीत उतरण्याचा हक्क आहे. हे गेन्जीला यासाबुरोच्या दुकानात, चार माणसांदेखत, स्पष्ट शब्दांत कळवले.

"काका, या वयात छातीला..." गेन्जी म्हणाला.

"छाती माझी आहे."

यासाबुरो टोफू कापता कापता म्हणाला, "गेन्जी, उतरू दे की. फार तर काय, सूप होईल."

"तुझ्यासारखे बेचव होणार नाही."

सगळे हसले. क्षणभर वाटले, मी येथून कोठे गेलोच नव्हतो. मग गेन्जीने सगळ्यांकडे एकेक करून पाहिले आणि हसणे विझले.

फेब्रुवारी १६

बर्फ. घाट बंद. बस नाही.

फेब्रुवारी १७, बुधवार

बर्फ थांबत नाही. रॉकेलची गाडी घाटाखाली अडकली आहे. शिनोने कोळशाची शेगडी पेटवून, वर लाकडी चौकट ठेवून दुलई टाकली आणि माझे पाय आत खोचले. आमच्यात बोलणे नाही. पण पाय खोचले.

दुपारी गेन्जी आला. डोक्यावर, खांद्यावर बर्फ. आत न येता उंबऱ्यातच बसला.

"काका, बैठक पुढे ढकलू. आठ दिवस. घाट मोकळा झाला की लगेच घेऊ."

"आठ दिवसांनी मी कावासाकीत असेन. ते तुला माहीत आहे."

"तसं नाही मनात."

"अठरा तारीख ढकलता येत नाही. भूकंप झाला त्या वर्षी ढकलली नाही. युद्धात गावात सहा पुरुष उरले होते, तेव्हा सहा जण बसले."

"हात जोडतो, काका. एवढं ऐका." आणि त्याने खरोखरच कपाळ उंबऱ्याला टेकवले.

शिनो मागे उभी होती. तिने तोंडावर पदरासारखी बाही धरली होती. मी म्हणालो, "उद्या. नेहमीच्या वेळी."

लबाड मनुष्य कपाळही टेकवतो. मी फसलो नाही.

फेब्रुवारी १८, गुरुवार

आजचे आजच लिहितो.

मी वेळेवर गेलो. सगळे जण पाण्यात माझ्याआधी बसलेले होते, गळ्यापर्यंत, आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. अंग धुतले, पाय घातला.

पाणी कोमट होते.

मी दुसरा पाय घातला. बसलो. कोमट! तान्ह्या पोराला घालतात तसे! माझ्या हयातीत या दगडांना असले पाणी लागले नव्हते. काय घडले ते मला तत्काळ समजले. म्हाताऱ्याला सोसणार नाही, म्हातारा पाण्यात मरेल, नाव खराब होईल — म्हणून यांनी विसण घातले. माझ्यासाठी! पाहुण्यासाठी! शेकडो वर्षांचा नियम मोडला तो मला पाहुणा ठरवण्यासाठी!

"कोणी घातले विसण?"

यासाबुरोने पंचा तोंडावरून फिरवला.

"गेन्जी, तू कारभारी आहेस. विचारतो आहे. विसण कोणी घातले?"

"कुणी नाही, काका."

"माझी कातडी ऐंशी वर्षांची आहे, मेलेली नाही!"

"काका, बसा जरा. बसून राहा फक्त. ठराव होऊ दे."

"या पाण्यात? या पाण्यात ठराव? वरणात बसून ठराव करता?"

यासाबुरोसुद्धा थट्टा करीना. तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "कारभारी, ऐका त्याचं. आज पहिल्यांदाच ऐका."

मी उभा राहिलो. पाणी सोडले त्याचा शब्द गेला, हे मला पूर्ण ठाऊक होते. तो नियम मी त्यांच्यातल्या निम्म्यांना शिकवला आहे. तरी बाहेर पडलो. ओल्या अंगावर कपडे चढवले. शेवटची गुंडी लागेना. कोणी मदतीला आले असते तर मी मारले असते. कोणी आले नाही.

भीक म्हणून मिळणारी पाटी मला नको.

फेब्रुवारी १९

रविवारी जातो. शिनोस सांगितले. "बरं," म्हणाली. पुन्हा या म्हणाली नाही. पाहुण्याला तरी तेवढे म्हणतात.

घाट मोकळा झाला. गाड्या येताना ऐकू आल्या.

फेब्रुवारी २०, शनिवार

कसे लिहावे ते सुचत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी गेन्जी आला. म्हणाला, "काका, पाच मिनिटं चला. नंतर हव्या तेवढ्या शिव्या द्या." मी शिव्या देत नाही, असे सांगून निघालो.

तो मला कुंडघराच्या मागे घेऊन गेला. मी मागितलेल्या त्याच खोलीचे कुलूप काढले. आत माणसाला बसायला जागा नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी बॉयलर, त्याला नळ, नळाला चिंध्या गुंडाळलेल्या. रॉकेलचा वास. यासाबुरो टोफूच्या एप्रनावरच आत वाकून भांड्याने इंधन ओतत होता. गाडी काल संध्याकाळी पोचली.

"हे काय?"

"पाणी तापवतो आम्ही," गेन्जी म्हणाला. "तीन हिवाळे झाले."

"कोणते पाणी?"

"आपलं."

मला अजूनही कळले नव्हते. मी म्हणालो, "मग गुरुवारी विसण—"

"विसण कुणी घातलं नव्हतं, काका. रॉकेल नव्हतं. तुम्ही बसलात ना, ते डोंगरातून येतं तसंच होतं. हल्ली तेवढंच ऊन येतं."

यासाबुरो पाठमोराच म्हणाला, "ज्या दिवशी तुम्ही पाण्याचं कौतुक केलंत ना कारभारी, त्या दिवशी मी भट्टी जरा जास्तच मारली होती. म्हटलं, जुना माणूस आलाय, खुश होऊन जाऊ दे. तुम्ही लालबुंद! माझीच टरकली."

गेन्जीने सांगितले: खालच्या हॉटेलने बोअर मारली. खोल. गावच्या वर, झऱ्याच्या तोंडाशीच. ऊन पाणी तिकडे गेले. गाड्या लावायची जागा हे निमित्त होते.

मी विचारले, "कोठे?"

गेन्जीने खाली ठेवलेले फडके उचलले, घडी केली, पुन्हा ठेवले.

झऱ्याच्या तोंडाशी वरच्या आळीत एकच परस होते. त्यात हात्सु मुळे लावीत असे.

मी म्हणालो, "मला का सांगितले नाही?"

"काय सांगायचं? तुम्हाला कुठं माहीत होतं? योशिहारूला तरी कुठं माहीत होतं? तो तर आपल्या आईच्या आजारपणाचं देणं... जाऊ दे. सांगितलं असतं तर तुम्ही त्याचं तोंड पाहिलं नसतंत. मंडळींनी ठरवलं, हासेबेकाकांना पाहुणाच ठेवायचं. पाहुण्याला कुणी सांगत नाही. पाहुणा न्हातो, वा वा म्हणतो, जातो." तो थांबला. "मला काय वाटलं असेल, तुम्हाला विसण विचारताना? माझा सासरा वर बसून बघतोय असं वाटलं."

मग त्याने मला पुढे नेले. भिंतीवर शेवटच्या खिळ्याला नवी पाटी: हासेबे. अक्षरे यासाबुरोने काढलेली, शेवटचे तिरपे.

"तुम्ही बाहेर पडलात, तुमचा शब्द गेला," गेन्जी म्हणाला. "आम्ही बसून राहिलो. गार पाण्यात बसायला काय लागतं! ठराव झाला. एकमतानं. आता तुम्हाला कळलंय, म्हणजे तुम्ही आतले. अट तीच, जी सगळ्यांना आहे. गावाबाहेर शब्द जायचा नाही. पाहुणे तुटले तर गाव तुटलं. बाहेर असलेल्या आपल्या पोरांनाही नाही. आणि खोलीत खाट बसेल कशीबशी, बॉयलरच्या अंगाला. ऊब राहील. यासाबुरोच्या गुडघ्यांना आता भट्टी झेपत नाही."

मी पाटीला हात लावून पाहिला. रंग ओला होता.

पाहुणेघरात परतलो. शिनो दारात झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, "आलात का?"

फेब्रुवारी २१, रविवार

योशिहारू सकाळच्या बसने आला. कुंडघराच्या दाराशी त्याने पाटी पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, घर विकलं तेव्हापासून मला एक रात्र नीट झोप नाही. तुमचं इथं राहायचं ठरलंच असेल तर मी अडवणार नाही. तुमची खोली तेवढी दाखवा. बघतो आणि जातो."

तो खोलीकडे निघाला. गेन्जी तिच्या दाराला आडवा उभा राहिला.

मी मोठ्याने, सर्वांस ऐकू जाईल असे म्हणालो: "खोली बघून काय करायचे? हे पाणी मला आता सोसत नाही. फार कडक आहे. मला विसण लागते. घरी चल."

हे मी शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाखाली न येता, म्हटले. समक्ष हजर: गेन्जी नाकाझातो, कारभारी, यासाबुरो, टोफूवाला, शिनो, पाहुणेघराची मालकीण. तिघांपैकी कोणीही ते खोडून काढले नाही.